न घासलेले मासे

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली टेलिफोनकाका निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या बायकोच्या, अक्काच्या हातून तिचं स्वयंपाकघर गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं काका अखेरपर्यंत म्हणत राहिले.

काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. त्या काळी गल्लीत टेलिफोन एकच, तोही औषधांच्या दुकानात, कुलूप घातलेला. त्यामुळे ज्याच्या हाताखालून सगळ्यांची बोलणी जातात तो माणूस आपल्या गल्लीत राहतो, याचं लोकांना अप्रूप होतं. टेलिफोनकाका हे नाव त्यातूनच पडलं. पुढे त्यात चेष्टा मिसळली, कारण खऱ्या टेलिफोनवर निदान पलीकडच्याचं बोलणं ऐकू तरी येतं.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात सांगितलं, की यांनी सोल्डरने झाळलेला एकही सांधा कधी निसटला नाही. काकांनी ते वाक्य घड्याळापेक्षा जास्त जपलं. घड्याळ वर्षाच्या आत बंद पडलं. वाक्य चालूच राहिलं.

सुरुवातीला ते नुसते खिडकीशी बसून असत. मग एक दिवस रस्त्याच्या टोकाच्या तळ्यावर गेले, तिथल्या मासेमारी क्लबाचे सभासद झाले, आणि घरी येऊन टोपी काढायच्या आधीच म्हणाले, "दुकानातले नकली मासे बघितलेस तू? कुणी झाळलेत कुणास ठाऊक. आमच्याकडे नव्या पोरानेसुद्धा असं काम केलं असतं तर साहेबांनी हाकलला असता."

नकली मासा म्हणजे पितळी पत्र्याचा बोटभर लांब मासा. पोटाला वजन, शेपटीत गळ झाळून बसवलेला. पाण्यातून ओढला की लुकलुकतो, खरा मासा फसतो आणि तोंड घालतो. माशांना फसवण्यासाठी एवढी कारागिरी कशाला, हा प्रश्न अक्काला पडला होता. पण नवरा खिडकीपासून उठतोय म्हटल्यावर तिने तो गिळला.

"मी घरीच करीन," काका म्हणाले.

"करा की," अक्का म्हणाली.

तिला वाटलं, परसातल्या कोळशाच्या खोलीत करतील. गॅस आल्यापासून ती खोली रिकामीच होती, आणि तिथे दिवा होता, बटण होतं, खिडकीही होती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवऱ्याबद्दल बायकोचा अंदाज चुकतो तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध तापवायला आली तर टेबलाच्या कडेला पत्रा पकडायचा वाइस आवळलेला. पावाच्या डब्याशेजारी सोल्डरिंग आयर्न, फळांच्या वाडग्यात पत्र्याचे तुकडे, आणि खिडकीत, जिथे तिची कोथिंबिरीची कुंडी होती तिथे, कानशी उंचीप्रमाणे रांगेत. कुंडी खाली जमिनीवर गेली होती. काका चष्मा कपाळावर चढवून, अगदी कामावर गेल्यासारखे, शर्टाच्या बाह्या दुमडून बसले होते.

"इथे उजेड चांगला आहे," ते म्हणाले.

आता हे स्वयंपाकघर म्हणजे काही महाल नव्हता. एक टेबल, एक ओटा, एक सिंक, आणि दोन माणसं एकाच वेळी वळली तर एकमेकांवर आदळतील एवढी जागा. पण त्या घरात अक्काची म्हणून जी काही जागा होती ती तेवढीच. काका कामावर गेले आणि लेक ऑफिसात टायपिंगला गेली, की अक्का आतून कडी लावी, रेडिओ लावी, आणि टेबलावर कोपर टेकून चहा पीत बसे. त्या तासाभरात कुणी तिला हाक मारायचं नाही हा घरातला अलिखित नियम होता. इतका अलिखित, की काकांना तो ठाऊकच नव्हता.

पहिल्यांदा त्यांनी राळ लावून झाळायचा प्रयत्न केला. एक्स्चेंजमध्ये राळच वापरत. तारेवर राळ लावायची, सोल्डर टेकवायचं, झालं. राळेचा पिवळा चिकटा तसाच सांध्यावर राहू द्यायचा. त्याने काही बिघडत नाही, उलट सांध्याला पांघरूणच होतं. पण गळ पोलादाचा. राळेने सोल्डर त्याला धरेना, थेंब होऊन घरंगळायला लागलं. काका दिवसभर त्या थेंबांना शिव्या घालत बसले, आणि अक्काला कांदा चिरायला जागा मिळेना म्हणून तिने तो मांडीवर ताट घेऊन चिरला.

उपाय सापडला तो सिंकच्या खाली. म्हणजे तिथे प्लंबर होता. नळाची गळती काढायला आला होता. तो तिथूनच म्हणाला, "काका, राळेने नाही व्हायचं ते. माझ्याकडे ॲसिड आहे, जस्त घालून मारलेलं. त्याने काय वाट्टेल ते धरतं. पण एक, झाळून झालं की गरम पाणी न् खायचा सोडा घेऊन घासून काढायचं. नाहीतर बसतं आपलं आतल्या आत खात."

त्याने बाटली दिली. सोल्डर गळाला असं चिकटलं की काका खुशीत येऊन प्लंबरला चहा पाजायला निघाले, म्हणजे अक्काला चहा ठेवायला म्हणाले. आणि प्लंबर गेल्यावर म्हणाले, "घासून काढा म्हणे. प्लंबर आहे तो. त्याचं पोट पाण्यावर. तो पाणी वापरा असंच सांगणार."

"पण खातं म्हणाला ना."

"अगं, मी उभी हयात सांधे झाळले. एकही सांधा धुतला नाही. एकतरी गंजला? झाळलेल्या सांध्याला पाणी लावायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात आमच्याकडे."

यात खोटं काही नव्हतं. तारांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त समोर तारा नव्हत्या, मासे होते, आणि लावली होती ती राळ नव्हती. पण आयुष्यभर जे बरोबर ठरलं ते एकदम चूक कसं होईल, असा काकांचा साधा हिशेब होता.

अक्काला गळाच्या गंजण्याशी कर्तव्य नव्हतं. तिला कर्तव्य होतं टेबलाशी. ॲसिडचा तो तपकिरी चिकटा माशांवरून टेबलाला लागे, टेबलावरून सुरीला, सुरीवरून पावाला. हवा दमट असली की त्याला पाणी सुटे आणि जिथे मासा ठेवलेला असेल तिथे माशाच्या आकाराचा हिरवा डाग पडे. म्हणून संध्याकाळी काका उठले की ती सगळे मासे गोळा करी, सिंकमध्ये गरम पाण्यात सोडा घालून बुडवी, आणि लेकीच्या जुन्या टूथब्रशने एकेक घासे. पोट, पाठ, गळ जिथे आत शिरतो ती खाच. मग स्वच्छ पाणी, मग फडकं, मग शेगडीच्या उबेला वाळवण. मासे झगझगत.

काका ते उचलून उजेडात धरत आणि म्हणत, "चमक छान आणतेस तू."

एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या हातच्या कुठल्याही गोष्टीला छान म्हटलं असेल तर ते हेच. तेही माशांबद्दल, जे खायचे नव्हते.

एक दिवस तिने विषय काढला. "मी काय म्हणते, हे सगळं कोळशाच्या खोलीत मांडलं तर?"

"मला काय, मी उद्या मांडेन," काका म्हणाले. "पण तुला ते घासायचे असतात. तिथे नळ आहे का? गरम पाणी आहे का? तू परसातून येरझाऱ्या घालणार, पाय घसरणार. तुझ्याच सोयीसाठी इथे बसतो मी."

लेक दारात उभी होती. ऑफिसातून नुकतीच आलेली, बूट काढत. "बाबा, तुम्ही इतकी सोय करता आईची, की तिला पाय ठेवायला जागा राहिली नाही," ती म्हणाली.

"बघ, तूच सांग हिला," काका म्हणाले. पलीकडचं बोलणं पुन्हा एकदा पोहोचलं नव्हतं.

मग अक्का तापाने पडली. फार काही नाही, साधाच ताप. पण तेवढे दिवस मासे कुणी घासले नाहीत. काका रविवारी तळ्यावर गेले ते तसलेच, चिकट, हिरवट बुरा आलेले मासे घेऊन. आणि त्या दिवशी त्यांना एवढे मासे लागले की पिशवी पुरेना, शेजारच्याची मागून घ्यावी लागली. त्या दिवशी ऊन कमी होतं म्हणून, की पाणी गढूळ होतं म्हणून, की मासे दोन दिवसांचे उपाशी होते, ते मासेच जाणोत. काकांना मात्र कारण तिथल्या तिथे कळलं.

"चमक," ते अक्काच्या अंथरुणाशी उभे राहून म्हणाले. "चमकीला घाबरतात ते. इतके दिवस आपण त्यांना घाबरवत होतो."

आपण, म्हणजे अक्का.

आठवड्याभरात सगळा क्लब त्या सिद्धांताने भारला. क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. मासेमारीचं प्रत्येक मासिक वाचलेला, प्रत्येक जातीची काठी घेतलेला, आणि तळ्यातल्या माशांना या दोन्हींबद्दल काडीचा आदर नसलेला गृहस्थ. त्यांनी वार्षिक स्पर्धेसाठी काकांकडे मासे मागितले. अध्यक्षांनी मागितले म्हणून चिटणीसाने मागितले, चिटणीसाने मागितले म्हणून सगळ्यांनी. एकच अट: न घासलेले.

काका घरी आले आणि म्हणाले, "आता तुला त्रास नको. घासणं बंद. आणि घासायचं नाही म्हटल्यावर नळाचं काय काम? मी उद्याच कोळशाच्या खोलीत जातो."

अक्का काही बोलली नाही. बोलली असती तर उगाच त्यांनी बेत बदलला असता.

वाइस गेला. कानशी गेल्या. कोथिंबिरीची कुंडी वर आली. अक्काने टेबल सोड्याने घासलं, पुसलं, त्यावर फुलांचा मेणकापडी रुमाल घातला, कडी लावली, रेडिओ लावला आणि कोपर टेकून चहा प्यायली. चहा निवला तरी उठली नाही.

आणि नेमका तेव्हाच तिला खिडकीच्या फटीत तो मासा सापडला. आजारपणातला, न घासलेला, फटीत पडून राहिलेला. पितळेवर हिरवी साय धरली होती. गळ जिथे आत शिरतो तिथे तांबडी भुकटी होती. तिने सहज दोन बोटांनी गळ वाकवून बघितला. काडेपेटीतली काडी मोडावी तसा तो मोडला.

संध्याकाळी लेक आली तर अक्का टेबलाशी बसलेली, पुढे बशीत दोन तुकडे.

"हे क्लबात सगळ्यांकडे आहेत," अक्का म्हणाली.

"बाबांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, हा खराब निघाला असेल. लोखंडच हलकं होतं. मी म्हटलं, अहो, ते ॲसिड खातंय. तर म्हणाले, एकही सांधा निसटला नाही माझा, साहेबांना विचार."

"सांधा नाहीच निसटला. गळ मोडलाय," लेक तुकडे निरखत म्हणाली. "तसं बाबांचं बरोबर आहे."

"पुन्हा सांगू का त्यांना?"

लेकीने मेणकापडावरून हात फिरवला, रेडिओकडे बघितलं. "सांग. पटलं तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. घासणं आलं, नळ आला, वाइस आला. पुढच्या वर्षी या टेबलावर ते होडी बांधायला घेतील."

"मग नको सांगू?"

"एकदा सांगितलंयस. त्यांनी ऐकलं नाही. तुझ्याकडून हिशेब पुरा."

अक्काने पुन्हा सांगितलं नाही. पण हिशेब काही पुरा होईना. क्लबातल्या लोकांचे गळ मोडले तर मोडोत. तिने त्यांचं काही खाल्लं नव्हतं. पण स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांच्या देखत यांचाच गळ मोडला तर? ज्या माणसाजवळ निवृत्तीनंतर एक वाक्य उरलंय, त्याचं तेच वाक्य पाण्यात जायचं. आणि ते गेलं की हे पुन्हा येऊन खिडकीशी बसायचे. ते तिला स्वयंपाकघर गेल्याहून वाईट वाटलं. आपल्याला तसं वाटतं याचं तिला आश्चर्यही वाटलं.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी काका दाढी करवून घ्यायला गेले. त्यांनी स्वतःसाठी निवडून ठेवलेला मासा तंबाखूच्या रिकाम्या डबीत, कापसात निजवलेला होता. तो ताजा होता. वरचा चिकटा अजून ओला, आतलं पोलाद शाबूत. अक्काने तो गरम पाण्यात सोड्यात बुडवला आणि ब्रशने घासला. खाच दोनदा घासली. धुतला, पुसला, शेगडीवर धरून वाळवला. मग तिच्या लक्षात आलं की मासा सोन्यासारखा झळकतोय आणि नवऱ्याला डोळे आहेत. तेव्हा तिने किटलीतला चहाचा चोथा घेतला आणि चमक जाईपर्यंत माशाला चोळला. छान कळकट झाला. डबीत कापसावर परत निजवला, झाकण लावलं, ब्रश लपवला. नवऱ्याची वस्तू मळवण्यासाठी एवढी मेहनत तिने पहिल्यांदाच घेतली होती.

स्पर्धेच्या दिवशी सभासदांच्या घरची मंडळी तळ्याकाठी घडीच्या खुर्च्या टाकून बसत. अक्का आणि लेक तिथे होत्या. सकाळ शांत गेली. मग चिटणीसाची काठी वाकली, तो उठून उभा राहिला, आणि काठी सरळ झाली. त्याने दोरी गुंडाळून वर घेतली तर टोकाला पत्र्याचा मासा होता, गळ नव्हता. थोड्या वेळाने औषधवाल्याचं तेच झालं. मग त्याच्या मेव्हण्याचं. लोक आपापल्या माशांकडे बघायला लागले.

"आई, खाली बघ. पाण्याकडे बघू नकोस," लेक म्हणाली.

अध्यक्षांचं सगळ्यात शेवटी झालं. त्यांना लागला तो मासा तळ्यात सगळ्यांनी आधी कधीतरी लांबून बघितलेला होता; त्याच्याबद्दल लोक आदराने बोलत. डॉक्टर मागे मागे जात होते, त्यांची टोपी पडली, बायको उभी राहिली, मासा एकदा पाण्याबाहेर पूर्ण दिसला. आणि मग काठी सरळ झाली आणि डॉक्टर चिखलात बसले.

काकांचा गळ मात्र मोडला नाही. त्यांना एक बऱ्यापैकी मासा लागला, दुसरा त्याहून बरा, आणि दुपारी वजन झालं तेव्हा पहिला नंबर त्यांचा आला. दुसरा नंबर कुणाचाच नव्हता.

टाळ्या वाजल्या नाहीत. डॉक्टर पाठीला चिखल घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "जरा तुमचा मासा बघू."

काकांनी कौतुकाने दिला. डॉक्टरांनी खिशातून भिंग काढलं, मासा उलटा केला, गळाजवळची खाच बघितली, नखाने चहाचा थर खरवडला.

"हा घासलेला आहे," ते म्हणाले.

"शक्यच नाही," काका म्हणाले.

"काका, माझा धंदा काय? वरून घासलेलं आणि मुळापर्यंत घासलेलं मला रोज बघायला लागतं. हा मुळापर्यंत घासलाय. ब्रशने. आणि वरून रंग दिलाय, कळू नये म्हणून." त्यांनी मासा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "आम्हाला खराब दिलेत आणि स्वतःचा जपलात."

काकांनी मासा परत घेतला. त्यांनी तो बघितला, हुंगला. मग त्यांनी मान वर केली आणि घडीच्या खुर्च्यांच्या रांगेत बायकोला शोधलं. अक्का तेव्हा पिशवीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती.

त्यांनी मासा खिशात टाकला. बक्षिसाचा कप तिथेच टेबलावर राहिला. चिटणीसाने सभासदत्वाच्या यादीतून नाव काढल्याचं सांगितलं, तेव्हा मान हलवली फक्त.

घरी येऊन ते सरळ स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसले.

"चहाचा चोथा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"का?"

"तुमचा मोडू नये म्हणून."

लेकीने दार लोटून घेतलं आणि ती आतच उभी राहिली. ऐकायचं तर बाहेरून कशाला.

"तिथेच सांगायचं होतंत," अक्का म्हणाली. "बायकोने घासला, मला ठाऊक नव्हतं, असं. कुणी लबाड म्हटलं नसतं तुम्हाला."

"आणि काय म्हटलं असतं?" काका म्हणाले. "की याला घासायचं असतं हे ठाऊक नव्हतं. याच्या बायकोला होतं, प्लंबरला होतं, याला नव्हतं. उभी हयात झाळण्यात गेली याची." त्यांनी चष्मा पुसला. "लबाड म्हणू दे. लबाडाला निदान काम येतं."

लेक म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्हाला चोर चालेल, पण शिकाऊ नको."

"हो," काका म्हणाले. हे एक बोलणं मात्र त्यांना पोहोचलं होतं.

यानंतर खरी शिक्षा सुरू झाली, आणि ती अक्काला झाली. क्लब बंद, मासे बंद, कोळशाच्या खोलीला कुलूप. काका खिडकीशी बसले नाहीत; ती तिची भीती खोटी ठरली. ते स्वयंपाकघरात बसले. सकाळी उठल्यापासून स्टुलावर, हात मांडीवर, वाइस नाही, कानस नाही, काही नाही. नुसते बघत.

"बटाटा असा सोलतात?" ते विचारत.

"मग कसा सोलतात?"

"नाही, तुझं चालू दे. मी आपलं विचारलं."

थोड्या वेळाने, "दुधाला इतकी आच लागते?" मग, "ही झाकणं इथे का ठेवतेस? पलीकडे ठेवलीस तर दोन पावलं वाचतील." मग त्यांनी झाकणं पलीकडे ठेवली. मग डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे मीठ सगळ्यात मागे गेलं आणि कधी लागत नाही असं जायफळ सगळ्यात पुढे आलं. रेडिओ लावला की ते त्याची खरखर ऐकून आतला कुठला सांधा सुटलाय ते सांगत, आणि बातम्या संपेपर्यंत सांगत. मासे होते तेव्हा निदान त्यांचं लक्ष माशांत तरी असे.

आठवड्याने अक्काने पदर खोचला, पर्स घेतली आणि ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. दवाखान्यात नुसतं बोलायला आलेल्यांना आत सोडत नसत, म्हणून तिने दाढ दुखते असं सांगितलं. डॉक्टरांनी तिला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर घेतला आणि ती कोण हे ओळखायच्या आधीच तोंडात आरसा घातला.

"मी तेलि..." अक्का म्हणाली.

"आ करा. मोठा."

"मी आशा घाशला," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी आरसा काढला. "काय म्हणालात?"

"मी मासा घासला. मी टेलिफोनकाकांच्या घरातली. यांना ठाऊक नव्हतं. यांना अजूनही वाटतं झाळलेल्याला पाणी लावू नये, एक्स्चेंजमध्ये तसंच असतं. तुम्ही सगळ्यांनी न घासलेले मागितलेत, त्यांनी न घासलेले दिले. स्वतःलाही तसाच ठेवला होता. मी चोरून घासला."

डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं. "पण वरून रंग?"

"चहा."

"आणि क्लबाचे का नाही घासलेत?"

"क्लबाशी माझं लग्न झालं नाही," अक्का म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला. आठवडाभर गावात लोक म्हणत होते की अध्यक्षांना मोठा मासा खेचता येत नाही, घाई करतात. आता त्यांना कारण मिळालं होतं. "म्हणजे माझ्या ओढण्यात दोष नव्हता," ते म्हणाले.

"छे. तुम्ही तर उत्तम ओढलात. आम्ही सगळे बघत होतो."

"चिखलात बसेपर्यंत."

"बसण्यातसुद्धा दोष नव्हता," अक्का म्हणाली. स्वयंपाकघरासाठी ती आणखीही बोलली असती.

मग तिने हळूच दुसरी गोष्ट काढली. तळ्याकाठी क्लबाचं होडीघर होतं, होड्या धुवायला तिथे नळ होता, चहासाठी शेगडी होती, आणि मोठ्या खिडक्या होत्या. "यांना तिथे बसू द्या. सगळ्यांचे मासे नव्याने करून देतील. तुमच्या डोळ्यांदेखत झाळतील, डोळ्यांदेखत धुतील. म्हणजे कुणाला शंका नको."

"पण त्यांना घासायचं पटेल का?"

"मी सांगितलं तर नाही पटणार. तुम्ही विचारायला जा. म्हणावं, परदेशी मासिकात काहीतरी आलंय धुण्याबद्दल, आम्हाला नीट कळलं नाही, तुम्ही झाळण्यातले जाणकार, जरा समजावून सांगाल का."

डॉक्टरांनी पुन्हा आरसा घालून बघितलं. "अक्का, दाढ खरंच किडली आहे तुमची," ते म्हणाले. "आलाच आहात तर काढून टाकतो."

रविवारी डॉक्टर आणि चिटणीस घरी आले. डॉक्टरांनी माफी अशी मागितली नाही. गैरसमज हा शब्द वापरला, आणि मासिकाचं बोलले. काका स्टुलावरून उठले. त्यांनी विचार केला. मग त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली, की राळ निराळी आणि ॲसिड निराळं. तारेचं शास्त्र वेगळं, गळाचं वेगळं. आणि ॲसिड म्हटल्यावर सोडा हवाच, हे त्यांना केव्हापासून वाटत होतं, पण क्लबाचा हट्ट पडला न घासलेल्याचा. अक्का गाल सुजलेला घेऊन ओट्याशी उभी होती. तिला बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी ते बरंच झालं.

सोमवारी ते डबा घेऊन होडीघरात गेले. ऑफिसला जात तसे, वेळेवर. अक्काने आतून कडी लावली, मीठ पुढे आणलं आणि रेडिओ लावला. तो खरखरत होता. तिने तसाच ऐकला.

पुढे काका होडीघरात बारा वर्षं बसले. मासे झाळणं तिथल्या कुणालाही जमे; पण घासणं मात्र ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. खाच नीट घासली जात नाही म्हणत. नव्या सभासदांना ते घासण्यावर व्याख्यान देत, आणि आपण ही पद्धत कशी शोधून काढली ते सांगत. छातीच्या दुखण्याने गेले, तेही एका सोमवारी, कामावरून आल्यावर.

दातांच्या डॉक्टरांना तो मोठा मासा पुन्हा कधी लागला नाही. त्याचं वजन मात्र दर वर्षी वाढत गेलं. प्लंबरने पाइपांचं दुकान काढलं. ती बाटली कुणाची होती हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. लेक टायपिंग सोडून वर्तमानपत्रात गेली, उशिरा लग्न केलं, आणि नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात कुठे बसायचं नाही ते दाखवून दिलं.

अक्का शेवटची वर्षं लेकीकडे होती, नव्या पद्धतीच्या इमारतीत. तिथे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये भिंतच नव्हती. सगळं एकच, मोकळं मोकळं, हल्ली असंच असतं म्हणून जावयाने हौसेने दाखवलं होतं. अक्काने सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "दार कुठाय?" जावई म्हणाला, दाराची गरजच नाही. तेव्हा ती बाथरूममध्ये गेली, आणि कडी नीट लागते ना, ते दोनदा लावून बघितलं.